वाचकांचे प्रश्न : मॅकबेथचा पाय नेमका कुठे घसरला?

शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'वर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ठाणे-नवी मुंबईहून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. नाटक वाचलेले नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात : स्कॉटलंडचा सेनापती मॅकबेथ लढाई जिंकून परतत असताना तीन चेटकिणी त्याला तू राजा होशील असे सांगतात. सोबतच्या बँकोला त्या सांगतात की तुझे वंशज राजे होतील. मॅकबेथ बायकोच्या साथीने घरी पाहुणा आलेल्या डंकन राजाचा खून करतो, गादीवर बसतो, मग बँकोला मारवतो, सरदार मॅकडफच्या बायकामुलांनाही मारवतो आणि शेवटी मॅकडफच्या हातून मरतो.

प्रश्न : मी तृतीय वर्ष बी.ए.ला आहे. 'महत्त्वाकांक्षेने आंधळा झालेला मॅकबेथ' हा विषय परीक्षेत फिरून फिरून येतो. गाईडमध्ये चेटकिणी, बायको आणि हाव अशी तीन कारणे दिलेली असतात. त्यापलीकडे काय लिहावे?
(विद्यार्थिनी, कळवा)

विषयाचे शीर्षकच तपासून घ्या. मॅकबेथ आंधळा नाही. सगळे लख्ख दिसत असताना तो पुढे जातो, आणि हे नाटक वाचताना अंगावर काटा येतो तो याचमुळे.

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश उघडा. आत राजाची पंगत चालू आहे आणि मॅकबेथ एकटाच बाहेर येऊन हिशेब मांडतो. डंकन आपला नातलग आहे, आपण त्याचे प्रजाजन आहोत, आज तर त्याचे यजमान आहोत. मारेकऱ्याला दार बंद करायचे ते आपण, सुरा आपणच कसा उचलायचा? शिवाय राजा सालस आहे, त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही. असे रक्त सांडले की ते उलटून आपल्यावरच येते, हेही तो बोलून दाखवतो. मग उरते काय? फक्त महत्त्वाकांक्षा. तिला तो घोड्यावर टांग मारताना जास्तच उंच उडी घेऊन पलीकडे आपटणाऱ्या स्वाराची उपमा देतो. म्हणजे आपण पडणार हेसुद्धा त्याला ठाऊक आहे. बायको बाहेर येताच तो सांगून टाकतो की हे प्रकरण आता पुढे न्यायचे नाही.

इथपर्यंत त्याचा निर्णय बरोबर आहे. त्याच प्रवेशात तो फिरतो. कसा फिरतो ते उत्तरपत्रिकेत नीट उलगडून लिहा. लेडी मॅकबेथ त्याच्या एकाही मुद्द्याला उत्तर देत नाही. राजा वाईट आहे, खून योग्य आहे, देव माफ करील, यातले काहीच ती म्हणत नाही. ती त्याला भित्रा ठरवते. हे करायची हिंमत होती तेव्हा तू मर्द होतास, असे सुनावते. यावर मॅकबेथच्या तोंडून जे निघते ते एका वाक्याचे आहे : आपण फसलो तर? त्या वाक्याखाली रेघ मारा. काही मिनिटांपूर्वी प्रश्न होता, हे करणे योग्य आहे का. आता प्रश्न झाला, हे जमेल का. मग ती योजना सांगते. दोन्ही पहारेकऱ्यांना दारू पाजायची, त्यांचेच सुरे वापरायचे आणि आळ त्यांच्यावर टाकायचा. योजना पटते, आणि योग्य-अयोग्याचा प्रश्न पुन्हा निघतच नाही. सगळ्या नाटकाचा कणा या वळणात आहे.

पुढचे खून गोष्ट सांगितल्यासारखे एकामागून एक लिहू नका. प्रत्येक खुनाला दोन प्रश्न विचारा : मिळाले काय, आणि आधी चलबिचल किती झाली? डंकनच्या खुनाने राज्य मिळते, आणि त्याआधी एक अख्खे स्वगत, बायकोशी वाद आणि हवेत तरंगणारा सुरा इतके सगळे होते. पहारेकऱ्यांना मारणे तर योजनेत नव्हतेच. खून उघड झाल्यावर तो दोघांना कापून टाकतो आणि ते का केले असे मॅकडफ भर सभेत विचारतो. बँकोच्या खुनाने नवे काही मिळत नाही, मिळालेले टिकेल अशी आशा तेवढी असते. चलबिचल नाही, पण कारण मात्र तो अजून शोधतो : याच्या वंशासाठी मी माझा आत्मा का विकला? चौथ्या अंकात मॅकडफ इंग्लंडला पळाल्याची बातमी येते आणि मॅकबेथ जाहीर करतो की यापुढे मनात येईल ते हातून लगेच होईल. मॅकडफची बायको आणि मुले मेल्याने त्याच्या पदरात काहीही पडत नाही. मिळकत शून्यावर आली आणि विचार करण्याचा वेळही शून्यावर आला. पहिला अंक, तिसऱ्या अंकातला पहिला प्रवेश आणि चौथ्या अंकातला पहिला प्रवेश यांवर एकेक परिच्छेद लिहिलात तरी उत्तर भरेल.

शेवटचा पुरावा पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात आहे. म्हातारपणी माणसाला मान, प्रेम, आज्ञाधारक माणसे आणि मित्रांचा गोतावळा हवा, यातले मला काही मिळणार नाही, हे तो स्वतःच म्हणतो. आंधळ्याला इतका चोख हिशेब मांडता येत नाही.

उत्तरपत्रिकांत नेहमी होणाऱ्या चुका : खून करायला चेटकिणींनी सांगितले असे लिहिणे (त्या फक्त राजपदाबद्दल बोलतात, खुनाचे चित्र मॅकबेथच्या डोक्यात आपोआप उभे राहते आणि त्यालाच शहारा येतो), डंकनला लेडी मॅकबेथने मारले असे लिहिणे, आणि मॅकडफच्या कुटुंबाला मॅकबेथने स्वतः जाऊन मारले असे लिहिणे. तिथे तो मारेकरी पाठवतो. तो स्वतः तिथे नाही, हाही घसरणीचा एक मुद्दा होतो.

प्रश्न : लेडी मॅकबेथ म्हणजे इंग्रजांची आनंदीबाई, असे आमच्या कट्ट्यावर ठामपणे सांगितले जाते. तुलना कितपत खरी?
(ज्येष्ठ वाचक, नौपाडा)

अर्धीच, आणि जी अर्धी सगळे सांगतात ती कच्ची आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला. राघोबांच्या चिठ्ठीत आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला ही आख्यायिका आहे, पुराव्याने शाबीत झालेली गोष्ट नव्हे. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरले ते राघोबांना. पुरुषाच्या हव्यासाचे खापर शेजारच्या बाईवर फोडले की गोष्ट रंगते आणि पुरुष थोडा सुटतो, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे आहे.

नाटकातली लेडी मॅकबेथ एकाच खुनात सामील आहे. बँकोचा बेत नवरा तिच्यापासून लपवतो. तुला न कळलेलेच बरे, झाल्यावर शाबासकी दे, असे लाडाने म्हणतो. मॅकडफच्या घरावर मारेकरी पाठवताना तर तो तिला विचारतही नाही. ज्या नवऱ्याला तिने ढकलले तो तिला मागे टाकून पुढे गेलेला असतो. तिसऱ्या अंकातच ती एकटी असताना कबूल करते की सगळे खर्ची पडले आणि हाती काही लागले नाही, पण नवरा आत येताच तोंडावरचा भाव बदलते. पाचव्या अंकात ती झोपेत चालते तेव्हा डंकनच्या रक्ताबरोबर फाइफच्या सरदाराची बायको, म्हणजे मॅकडफची बायको, तिच्या तोंडी येते. जो खून तिने केला नाही तोही तिच्या हाताला चिकटलेला आहे.

तुलना करायचीच तर राघोबा आणि मॅकबेथ यांची करा, आणि ती करायला नौपाड्याहून लांब जावे लागत नाही. गादी वाकड्या वाटेने मिळाली की ती टिकवण्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. बारभाईंनी राघोबांना हुसकावल्यावर ते इंग्रजांच्या दारात गेले. वाटाघाटी चालू असतानाच डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबांनी साष्टी आणि वसई लिहून दिली. १७८२ च्या सालबाईच्या तहात राघोबांना पेन्शन मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला तो किल्ला एका माणसाच्या हव्यासापायी गेला. आजचे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे ते त्याच किल्ल्यात. स्कॉटलंडची अशीच दशा चौथ्या अंकात रॉस नावाचा सरदार सांगतो : मृत्यूची घंटा वाजली तर कोणासाठी म्हणून कोणी विचारतसुद्धा नाही.

प्रश्न : मॅकबेथ खरोखर होऊन गेला का?
(वाचक, घणसोली)

होय. पण खऱ्या मॅकबेथने डंकनला पाहुणा असताना झोपेत मारले नाही. १०४० मध्ये डंकन लढाईत पडला, आणि तो म्हातारा नव्हता. मॅकबेथने त्यानंतर १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे राज्य केले. शेक्सपियरने मजकूर घेतला तो होलिनशेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीतून. तिथे झोपलेल्या राजाचा खून आहे, पण तो डॉनवाल्ड नावाच्या सरदाराने करवलेला डफ राजाचा. शेक्सपियरने दोन प्रकरणे एकात सांधली. बखरीत बँको खुनाच्या कटात सामील आहे, नाटकात नाही. नाटक साधारण १६०६ चे आहे आणि तेव्हाचा राजा पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे, त्यामुळे हा बदल सोयीचा होता. नाटकाला त्याचा फायदाच झाला, तो नेरूळच्या प्रश्नात पाहू.

प्रश्न : आमचा हौशी गट आहे, सात कलाकार. स्पर्धेसाठी 'मॅकबेथ'ची ४५ मिनिटांची एकांकिका करतो आहोत. काय ठेवावे, काय कापावे? रक्त, भूत, सुरे यांचे कसे करावे?
(नाट्यगट, कोपरखैरणे)

आधी वेळेची वाटणी करा. चेटकिणी ४ मिनिटे, मॅकबेथचे बायकोला पत्र आणि पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश मिळून ११, खुनाची रात्र ७, मारेकऱ्यांशी बोलणी ४, मेजवानी ७, फाइफमधले हत्याकांड ३, झोपेत चालणे ५, शेवट ३. झाली ४४. एक मिनिट हातात ठेवा, प्रेक्षकांत खोकला आणि मोबाइल असतातच.

हौशी प्रयोगांत सातवा प्रवेश 'नुसतीच बोलाबोली' म्हणून कापला जातो आणि चेटकिणींना धूर, नाच आणि पार्श्वसंगीत देऊन दहा मिनिटे खर्च होतात. परिणाम असा की मॅकबेथवर जादूटोणा झाला आणि त्याने खून केला, एवढेच प्रेक्षकाला कळते. माणूस स्वतः निवड करताना दिसला पाहिजे. चेटकिणींना धूर नसला तरी चालेल. चेटकिणींची देवी हेकटी हिचा प्रवेश सरळ काढा. तो बहुधा दुसऱ्याच नाटककाराने घातलेला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

डंकनचा खून रंगमंचावर दाखवू नका. मूळ नाटकातही तो विंगेत होतो. तो दाखवला की त्यानंतरच्या कुजबुजीतला ताण मरतो. त्या प्रवेशात मॅकबेथ दोन सुरे घेऊन बाहेर येतो, दोन्ही पहारेकऱ्यांचे. ते आतच ठेवायचे होते, म्हणजे ही पहिली चूक. पाठीमागे लपवू नका. दोन्ही हात कमरेच्या उंचीवर, पाती खाली, प्रकाशात. प्रेक्षकाला सुरे आधी दिसले पाहिजेत आणि बायकोचे लक्ष नंतर गेले पाहिजे. मधल्या वेळात तो झोपेबद्दल आणि घशात अडकलेल्या 'आमेन'बद्दल बोलत राहतो. तो परत आत जायला नकार देतो, तेव्हा ती दोन्ही सुरे हिसकावते आणि स्वतः जाते. ती आत असतानाच दारावरची थाप सुरू होते. थापेसाठी रेकॉर्डिंग वापरू नका. ऑपरेटर अर्धा सेकंद चुकला की गेले. विंगेत जाड लाकडी फळी उभी करा आणि मुठीने वाजवा. पहिली थाप इतकी हळू की खरेच ऐकू आली का असे वाटावे, मग चढत न्या.

रक्तासाठी एक कप कॉर्न सिरप, दोन चमचे खाण्याचा लाल रंग आणि पाव चमचा कोको पावडर थोड्या पाण्यात कालवून. कोको नसेल तर रक्त रोझ सिरपसारखे गुलाबी दिसते. पिवळसर लाइटमध्ये ते आणखी फिके पडते, म्हणून स्टेज लाइटखाली पाहिल्याशिवाय प्रमाण पक्के करू नका. हातालाच लावायचे असेल तर चमचाभर भांडी घासायचे लिक्विड घाला, डाग लवकर सुटतो. तोंडाजवळ वापरायचे असेल तर मात्र लिक्विड अजिबात नको. पांढऱ्या सुती कपड्यावर रंग राहतोच, रंगीत तालमीलाच कपड्याचा तुकडा धुऊन बघा. भांडे विंगेत झाकून ठेवा, नाहीतर दुसऱ्या घंटेपर्यंत मुंग्या येतात.

भूत. १६२३ च्या छापील प्रतीत रंगसूचना स्पष्ट आहे : बँकोचे भूत येते आणि मॅकबेथच्या जागेवर बसते. नट बसवायचा की रिकामी खुर्ची, हे पहिल्या वाचनालाच ठरवा. खुर्ची रिकामी ठेवणार असाल तर मॅकबेथच्या नजरेसाठी एक बिंदू ठरवा, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि तालमीत तिथे खरा माणूस बसवा. तसे केले नाही तर नजर दर वेळी वेगळ्या ठिकाणी जाते आणि भूत खोलीभर हिंडल्यासारखे वाटते. खुर्ची मधोमध मागे ठेवलीत तर भुताशी बोलताना नटाची पाठ प्रेक्षकांकडे होते. ती पुढच्या कोपऱ्यात तिरकी ठेवा.

झोपेत चालण्याच्या प्रवेशात हात कोरडे आणि स्वच्छ हवेत. इथे लाल रंग लावणारे गट दरवर्षी दिसतात, आणि तिला जे दिसते ते इतर कोणाला दिसत नाही, हा सगळा मुद्दाच त्यात बुडतो. नटीने वेड्यासारखे हात ओरबाडू नयेत. दासी डॉक्टरला सांगते की बाईसाहेब कधी कधी पाव तास अशा हात धूत असतात. म्हणजे ही रोजची सवय झाली आहे. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, मध्येच हात नाकाजवळ नेऊन वास घेत. उजेड सतत जवळ ठेवायचा तिचा हुकूम आहे, म्हणून दिवा हवाच, पण उघड्या ज्योतीला नाट्यगृहे सहसा परवानगी देत नाहीत. बॅटरीची पणती घ्या आणि ती पितळी समईच्या वाटीत बसवा, प्लास्टिक दिसत नाही.

फाइफचा प्रवेश वेळेअभावी काढू नका. मुलगा आईशी थट्टा करतो, मारेकरी येतात. तीन मिनिटे पुरतात. तो काढला तर मॅकबेथ शेवटपर्यंत प्रेक्षकांच्या सहानुभूतीत राहतो.

प्रश्न : नववीच्या वर्गात 'मॅकबेथ'ची गोष्ट सांगितल्यावर मुलांनी विचारले, मग महत्त्वाकांक्षा ठेवायचीच नाही का? काय सांगावे?
(शिक्षिका, नेरूळ)

काही सांगू नका, बँको वाचायला द्या. भविष्यवाणी दोघांनी एकाच वेळी ऐकली. काळोखातल्या शक्ती क्षुल्लक गोष्टींत खरे बोलून मोठ्या गोष्टीत घात करतात, हा इशारा बँकोच देतो. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्याला झोप येत नाही. झोपेत येणारे विचार आवर, अशी तो देवाची करुणा भाकतो. म्हणजे मोह त्यालाही आहे. माझ्या बाजूला राहिलास तर मान मिळेल, असे मॅकबेथ आडून सुचवतो, तेव्हा त्याचे उत्तर असे : इमान आणि मन स्वच्छ राहणार असेल तर ऐकेन. मुलांना हे संवाद दोघा-दोघांत वाचू द्या, दहा मिनिटांत होते.

मग लगेच तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीच्या दहा ओळी वाचा. मॅकबेथने घाणेरडा डाव खेळला असा बँकोला संशय आहे, आणि तरीही तो गप्प बसतो, कारण चेटकिणींचे एक भविष्य खरे ठरले तर आपल्या वंशाबद्दलचे दुसरेही खरे ठरेल. मुले इथे चपापतात, कारण 'चांगला माणूस' म्हणून त्यांनी त्याला मार्क देऊन ठेवलेले असतात. वर्गाला प्रश्न द्या : खून उघड झाला त्या सकाळी बँकोने चेटकिणींची गोष्ट सभेत सांगितली असती तर पुढचे कोणते प्रवेश घडले नसते? उत्तर गटाने लिहायचे, प्रत्येक प्रवेशापुढे कारण द्यायचे. एक तास पुरत नाही, दोन धरा.

इंग्रजी अवघड जात असेल तर शिरवाडकरांचे 'राजमुकुट' (१९५४) घ्या. शि. म. परांजप्यांचे 'मानाजीराव' त्याहून जुने आहे आणि त्याची भाषा नववीला जड जाईल. दोन्ही रूपांतरे आहेत, नावे आणि वातावरण बदललेले आहे, म्हणून मूळ पुस्तकाशी ओळ जुळवत बसू नका. दुकानात मिळाली नाहीत तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा, आणि बँकोची पाने तेवढी मुलांकडून वहीत उतरवून घ्या.